काडतुसाची कसोटी

नेमबाजीत नेम अचूक असला की झाले, असा सर्वसाधारण समज आहे. 1976 साली अमेरिकेतील कोलंबिया येथे स्थापन झालेल्या ‘आयपीएससी’ने मात्र अचूकतेइतकाच मान शक्ती आणि वेग यांनाही दिला. या पिस्तूल-स्पर्धांत अनेक स्पर्धक काडतुसे स्वतः भरतात आणि मोहाचे मूळ तेथेच आहे. बंदुकीची दारू किंचित कमी भरली की धक्का कमी बसतो, दुसरी गोळी लवकर सुटते. म्हणून गोळीचे ग्रेनमधील वजन आणि सेकंदाला फुटांमधील वेग यांच्या गुणाकारास हजाराने भागून येणारा अंक किमान 125 असावाच लागतो. पंच आठ काडतुसे काढून घेतात. एकातील गोळी तोलतात, काही वेगमापकावरून झाडतात. 124 ग्रेनच्या गोळीचा वेग 1000 भरला, तर अंक येतो 124! मग स्पर्धकाने पुढे खुशाल खेळावे. गुण मिळणार नाहीत.

थंडीने दारूचा जोर घटतो, हे खरे. तरीही सवलतीची मागणी रास्त नव्हे. थोडा अधिक वेग राखून काडतूस भरणाऱ्याने प्रत्येक बाराला जादा धक्का सोसलेला असतो. गुण विजेत्याच्या तुलनेत ठरत असल्याने ती सवलत त्याच्याच खात्यातून वजा होते.