मोक्षाचे दार आणि घराचा उंबरठा

आषाढी वारीसाठी मुक्ताईनगराहून संत मुक्ताईंची पालखी पंढरीस जाते. वारीत भेदाभेद नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. या पर्वकाळी, हेच सांगणाऱ्या दुसऱ्या एका धर्माच्या संदेशाचाही विचार व्हावा, असे आम्हांस वाटते. तारण कुळाने वा स्वतःच्या पुण्याईने नव्हे, तर ईश्वरी कृपेने मिळते व ते सर्वांस खुले आहे, हा ख्रिस्ती धर्माचा गाभा होय.

हे दारही सहज उघडले नाही. येशूचे पहिले शिष्य यहुदी होते. परजातीयाच्या घरी जाणे पेत्रास निषिद्ध वाटे. तो कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी गेला, तेव्हा स्वकीयांनीच त्यास जाब विचारला. पुढे यरुशलेमेत बराच वाद होऊन परजातीयांस सुंतेवाचून मंडळीत घेण्याचे ठरले.

मराठीत हा संदेश रसाळपणे मांडला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, परंतु अभंग-कीर्तन सोडले नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची श्रद्धा होती. धरणगावच्या ज्या ठोमरे नावाच्या तरुणास 1907 च्या जळगाव कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, त्यास पुढे नगरला टिळकांच्या घरी पुत्रवत् माया लाभली. त्यासाठी त्यास धर्म सोडावा लागला नाही. 1917 साली टिळकांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते.

तारण सर्वांसाठी, परंतु ख्रिस्ताच्याच द्वारे, असे ख्रिस्ती मानतात. भक्तीच्या वाटा अनेक, असे आपण मानतो. हा मतभेद झाकण्याचे कारण नाही. मात्र ‘सर्वांसाठी’ या शब्दाची कसोटी दोघांनाही सारखीच आहे. ख्रिस्ती मंडळीतूनही जात पुरती गेलेली नाही. आणि पंढरीचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या भाविकांस खुले व्हावे म्हणून, अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींस मे 1947 मध्ये प्राण पणास लावून उपोषण करावे लागले.

धुळे जिल्ह्यात आणि 1998 साली त्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात अनेक आदिवासी कुटुंबांनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली आहे. त्याबद्दल रोष धरणाऱ्यांनी आधी स्वतःस विचारावे, की पिढ्यान् पिढ्या आपल्या शेतावर राबणाऱ्या या बांधवांस आपल्या घरात कोठवर प्रवेश होता? पाण्याचा तांब्या त्यांच्या हाती दिला होता, की ओंजळीत वरून धार धरली होती? ज्यास आपण ओसरीपलीकडे येऊ दिले नाही, त्याने अन्यत्र आसरा शोधला तर दोष केवळ बोलावणाऱ्याचा कसा?

म्हणून, द्वादशीचे पारणे सोडताना शेतावरच्या गड्याचे पान आपल्याच पंक्तीत मांडावे. तो कोणत्या देवाचे नाव घेतो, हे विचारू नये. पांडुरंगास ही सेवा खचित रुजू होईल.