फी न घेणारा दादा

सोमवारी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: तुमच्या दहावीतल्या मुलासाठी ‘मेंटॉर’. आठवड्याला वीस मिनिटं बोलणं, महिन्याअखेर पालकांना अहवाल. क्लासचं नाव लिहीत नाही. मागे लिहिलं नव्हतं तरी तिघांनी फोन करून ‘तो आमचाच ना?’ विचारलं होतं. पोराशी बोलायचे पैसे, आणि तो काय बोलला हे घरी कळवायचे वेगळे नाहीत, एवढीच सवलत.

आदल्याच दिवशी नेरूळला मिस्सा सुटल्यावर एक पोरगेला इंजिनिअर नववी-दहावीच्या पोरांत फुटबॉल खेळताना पाहिला होता. चर्चची मंडळी त्याला ‘ॲनिमेटर’ म्हणतात. कार्टून काढणारा नव्हे, पोरांत मिसळणारा. पोरं त्याला नुसतं ‘दादा’ म्हणतात. सामना संपल्यावर एकाशी बोलत तो अर्धा तास कट्ट्यावर बसला होता. अहवाल कुणाला गेला नसावा.

पोरांत असं उतरायचा आग्रह जुना, इटलीतले पाद्री डॉन बॉस्को यांचा. ३१ जानेवारी हा त्यांचा सण. त्यांच्या नावाची शाळा आपल्या नेरूळला आहे, पण मला आठवतं ते १० मे १८८४ ला त्यांनी रोमहून तुरिनला, आपल्या मुलांच्या संस्थेत धाडलेलं पत्र. त्यात एक स्वप्न आहे. दोन जुने विद्यार्थी येऊन त्यांना दोन मैदानं दाखवतात. पहिलं १८७० च्या आधीचं: पोरांचा कल्ला आणि पाद्री त्यातच धावताहेत. दुसरं तेव्हाचं: पोरं खांबांना टेकून कंटाळलेली, काही कोपऱ्यात कुजबुजणारी, आणि गुरुजन आपापसांत गप्पा मारत फेऱ्या घालताहेत. शिस्तीचे नवे नियम करा, असं बॉस्कोंनी लिहिलं नाही. खेळात परत उतरा, असं लिहिलं.

आता आपले साने गुरुजी. १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात आले, वसतिगृह त्यांच्याकडे आलं. पोरं शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडत, अंथरुणं आवरत, मळके कपडे धुऊन ठेवत. वर ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक लिहून काढत. माया दोघांचीही तीच. पण गुरुजींची बरीचशी पोरांच्या माघारी चालायची आणि बॉस्कोंची देखत. नुसतं प्रेम करून भागत नाही, ते पोराला कळलं पाहिजे, हा बॉस्कोंचा हट्ट. आम्ही मराठी आईबाप गुरुजींच्या पंथाचे. गुरुजींचं हृदय नाही, पण माघारी राबायची सवय तेवढी उचललेली. डबा भरतो, फी भरतो, गाडीचा हप्ता भरतो. पोराला दिसतं ते आमचं घड्याळाकडे पाहणं. मग वीस मिनिटं विकत आणावी लागतात.

‘यात धर्म आला की!’ असं पत्र येणार, मला ठाऊक आहे. आला. बहुतेक पोरं ख्रिस्ती घरांतलीच आहेत. आमच्या विंगमधला एक गोलकीपर म्हणून जातो. त्याला अजून बायबल मिळालेलं नाही, शिव्या मात्र मिळतात.

माझी धास्ती निराळी आहे: बंद खोलीची. पाद्र्यांवर डोळे मिटून विश्वास टाकल्यामुळे देशोदेशीच्या मुलांनी काय भोगलं ते जगजाहीर आहे, आणि आपल्याकडचा २०१२ चा पोक्सो कायदाही उगाच झालेला नाही. म्हणून मोठ्या माणसाची पोरांशी दोस्ती चारी बाजूंनी दिसेल अशा जागी हवी. म्हणजे मैदानात. आणि इथे मी पुन्हा माझ्या कुलपांवर येतो, कंटाळलात तरी. शहर आखताना मैदानांच्या जागा सोडल्या होत्या. त्या ज्यांच्या हाती गेल्या त्यांनी फाटकं बसवली, वेळा लिहिल्या, मग वेळा खोडून कुलपं लावली. गेल्या वर्षी यावर तीन लेख लिहिले. तेवढ्यात एक कुलूप बदललं. नवीन जास्त मजबूत आहे.

त्या रविवारीही फाटक बंदच होतं. दादाने आधी चपला कुंपणापलीकडे टाकल्या, मग चेंडू, मग स्वतः चढला. पोरं त्याच्याआधीच आत होती.

— सेक्टरकर