कात्री तीच, मग भाताचं बियाणं शेतात आणि सिकलसेलचा उपचार १८ कोटींना का?

४ मे २०२५ला केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी दिल्लीत भाताचे दोन नवे वाण जाहीर केले. हे वाण जीनोम एडिटिंग करून, म्हणजे पिकाच्या डीएनएमध्ये नेमक्या जागी बदल करून तयार केलेत. त्याआधी ८ डिसेंबर २०२३ला अमेरिकेच्या एफडीएने सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या कॅसजेव्ही या उपचाराला मंजुरी दिली होती. ब्रिटनने ती नोव्हेंबरमध्येच दिली होती.

दोन्हींमागचं हत्यार एकच आहे, क्रिस्पर. त्यासाठी इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२०चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण भाताचं बियाणं उद्या शेतकऱ्याच्या गोणीत येणार आणि कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत मात्र एका रुग्णामागे २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण १८ कोटी रुपये.

एवढा फरक का? औषध कंपन्यांचा नफा हे एक कारण आहेच. पण त्याच्याही आधीचं कारण शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी, ही परीक्षेला हमखास येणारी जोडीची आकृती आठवते? आज तीच उघडूया.

कात्री नेमकं काय करते?

क्रिस्परमध्ये दोन भाग असतात. एक वाटाड्या रेणू, जो डीएनएमधली ठरलेली जागा शोधतो. दुसरा कॅस-९ नावाचा प्रथिन, जो तिथे काप देतो. पेशी तो काप स्वतःच सांधते. सांधताना एखाद-दुसरं अक्षर गळतं किंवा वाढतं आणि तिथलं जनुक बंद पडतं.

हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेने 'सांबा महसुरी' या लोकप्रिय वाणात हेच केलं. भातात एक जनुक असं आहे, जे दाणे वाढवणाऱ्या सायटोकायनिन या संप्रेरकाचा नाश करणारं विकर बनवतं. त्या जनुकात बदल केला आणि ओंबीत दाणे जास्त भरू लागले. हा वाण म्हणजे 'डीआरआर धान १००', नाव 'कमला'. आयसीएआरच्या म्हणण्यानुसार त्याचं हेक्टरी सरासरी उत्पादन ५.३७ टन आहे, मूळ वाणाचं ४.५ टन. शिवाय पीक सुमारे २० दिवस लवकर तयार होतं.

कॅसजेव्हीतही एक ब्रेकच काढला जातो. आईच्या पोटात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर एक जनुक ते बंद करतं. सिकलसेलच्या रुग्णात मोठेपणीचं हिमोग्लोबिन सदोष असतं, त्यामुळे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. रक्ताच्या मूळ पेशींमध्ये त्या 'बंद करणाऱ्या' जनुकाचं बटण कापलं, की बाळपणीचं चांगलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं.

म्हणजे काम जवळपास सारखंच. फरक पडतो तो कात्री पेशीत नेण्यात आणि त्यानंतरच्या सगळ्या गोष्टींत.

पहिला फरक: भिंत

प्राणी पेशीला बाहेरून फक्त एक पातळ पटल असतं, साधारण ७-८ नॅनोमीटर जाडीचं. वनस्पती पेशीला हे पटल असतंच, वर सेल्युलोजची मजबूत भिंत, म्हणजे पेशीभित्तिका असते. लाकूड टणक असतं, कापसाचा धागा ताण सहन करतो, ते या भिंतीमुळेच.

त्यामुळे आत शिरण्याच्या बाबतीत प्राणी पेशी सोपी. कॅसजेव्हीमध्ये पेशींना विजेचा हलका झटका देतात, पटलाला क्षणभर छिद्रं पडतात आणि कात्री आत जाते. २०२५मध्ये फिलाडेल्फियात यकृताचा दुर्मीळ आजार असलेल्या एका तान्ह्या बाळावर खास त्याच्यासाठी बनवलेला जनुकीय उपचार झाला. त्यात दुरुस्तीचं सामान चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांत भरून सलाइनमधून दिलं. यकृताच्या पेशींनी ते थेंब आत ओढून घेतले.

वनस्पतीच्या भिंतीपुढे हे इतकं सहज चालत नाही. तिथे दोन जुने मार्ग आहेत. एक, ॲग्रोबॅक्टेरियम हा मातीतला जिवाणू. झाडाच्या पेशीत स्वतःचा डीएनए घुसवण्याची त्याची नैसर्गिक हातोटी आहे. शास्त्रज्ञ त्याच्याकडून आपलं पार्सल पोहोचवून घेतात. दुसरा मार्ग जीन गनचा. सोन्याच्या किंवा टंगस्टनच्या सूक्ष्म कणांवर डीएनए चढवून ते थेट पेशींवर झाडतात.

म्हणजे पहिल्या फेरीत माणूस जिंकतो, भात हरतो. मग भात पुढे कसा गेला?

दुसरा फरक: एका पेशीतून आख्खं झाड

जळगावची टिश्यू कल्चर केळी सगळ्यांना माहीत आहेत. रोपाचा छोटासा तुकडा बाटलीत वाढवायचा आणि त्यातून एकसारखी हजारो रोपं तयार करायची. हे जमतं, कारण वनस्पतीच्या अनेक पेशींना योग्य संप्रेरकं दिली की त्या पुन्हा कोऱ्या पाटीसारख्या होतात आणि त्यातून मूळ, खोड, पान सगळं फुटतं.

त्यामुळे शास्त्रज्ञाला भाताच्या शेतभर पेशी बदलाव्या लागत नाहीत. मोजक्या पेशींत नेमका बदल झाला तरी पुरतं. त्यातून रोप येतं, रोपाला बी येतं आणि त्या बियांतून पुढे हवं तेवढं बियाणं. खर्च एकदाच, फायदा लाखो पेंढ्यांना.

तुमच्या-माझ्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशीतून असा आख्खा माणूस उगवत नाही. डॉली ही मेंढी १९९६मध्ये जन्मली, तीही पेशीतून थेट वाढलेली नव्हती. पेशीचं केंद्रक दुसऱ्या मेंढीच्या अंड्यात बसवावं लागलं आणि २७७ प्रयत्नांत एकच डॉली मिळाली.

म्हणून कॅसजेव्हीचा प्रत्येक रुग्ण म्हणजे एक स्वतंत्र कारखाना. त्याच्याच मूळ पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्या संपादित करायच्या, तपासायच्या. दरम्यान तीव्र केमोथेरपी देऊन अस्थिमज्जेतली जुनी वस्ती रिकामी करायची, मग नव्या पेशी शिरेतून परत द्यायच्या. इथे मात्र भिंत नसणं कामी येतं. लवचीक पेशी रक्तातून वाट काढत, रक्तवाहिनीच्या फटीतून दबून, बरोबर हाडातल्या मज्जेत जाऊन बसतात. पण हे सगळं करायला अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची सोय असलेलं मोठं रुग्णालय आणि कित्येक आठवडे लागतात. बिल इथे फुगतं.

तिसरा फरक: चूक झाली तर

क्रिस्परची कात्री कधीकधी भलत्या जागीही चालते. भातात असं झालं तर? खराब रोप उपटून टाकायचं. शंभर रोपांतलं एक चांगलं निवडायचं. शिवाय कात्रीचं जनुक रोपात राहिलं असेल, तर पुढच्या पिढीत ते नसलेली रोपं वेचून घ्यायची. अंतिम वाणात बाहेरचा डीएनए उरत नाही. बीटी कापसात मातीतल्या जिवाणूचं जनुक कायमचं घातलेलं असतं. हा या दोन तंत्रांतला मोठा फरक.

माणसात 'पुढची पिढी वेचून घेऊ' असं म्हणता येत नाही. भलत्या जागी काप गेला आणि पेशी बेसुमार वाढू लागली, तर कॅन्सरचा धोका. झाडालाही गाठी येतात, पण भिंतींमुळे पेशी जागच्या जागी जखडलेल्या असतात, गाठ शरीरभर पसरत नाही. प्राण्यांच्या पेशी मात्र फिरू शकतात. ज्या गुणामुळे मूळ पेशी मज्जेपर्यंत पोहोचते, त्याच गुणामुळे कॅन्सर पसरतो.

कायदेही याच रेषेवर दुभंगलेत. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ३० मार्च २०२२ला बाहेरचा डीएनए नसलेल्या अशा संपादित पिकांना जीएम पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली. माणसाच्या बाबतीत मात्र पुढच्या पिढीत उतरेल असं संपादन आयसीएमआरच्या २०१९च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतात निषिद्ध आहे. चीनमध्ये हे च्यान्कुई या संशोधकाने २०१८मध्ये जनुकं बदललेल्या जुळ्या मुलींचा जन्म झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा जगभर खळबळ उडाली आणि पुढच्या वर्षी त्याला तीन वर्षांची कैद झाली.

आणि हो, 'हा भात खाल्ला की आपली जनुकं बदलतील' असं कोणी सांगितलं तर घाबरू नका. रोजच्या पोळी-भाजीतही डीएनए असतोच. तो पचतो.

मग गडचिरोलीत काय बदलणार?

गडचिरोली, गोंदिया हा धानाचा पट्टा. हाच भाग सिकलसेलचाही. इथे एकाच घरात दोन्ही प्रश्न असू शकतात, आणि दोन्हींची उत्तरं एकाच कात्रीत शोधली जातायत.

भाताचं उत्तर आधी पोहोचेल असं दिसतं. 'कमला'च्या शिफारशीच्या राज्यांत महाराष्ट्र आहे. पण वाण जाहीर झाला म्हणजे प्रश्न संपले नाहीत. चाचण्यांमधल्या उत्पादनाच्या आकड्यांवर जीएमविरोधी गटांनी आक्षेप घेतले, आयसीएआरने ते फेटाळले. क्रिस्परचे पेटंट परदेशी संस्थांकडे आहेत, त्याचा बियाण्याच्या किमतीवर काय परिणाम होईल, हाही प्रश्न आहे. तंत्र सुरक्षित असणं आणि वाण आपल्या बांधावर फायद्याचा ठरणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट शेतातच सिद्ध व्हावी लागते.

सिकलसेलसाठी दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने 'बिरसा १०१' ही देशी क्रिस्पर उपचारपद्धती विकसित केली. नोव्हेंबर २०२५मध्ये ती जाहीर झाली आणि तिचं तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्यात आलं. किंमत खूप खाली आणणं हा हेतू आहे. पण घोषणा म्हणजे जिल्हा रुग्णालयात मिळणारं औषध नव्हे. पेशी बाहेर काढून, मज्जा रिकामी करून परत देण्याची पद्धत राहिली, तर औषध स्वस्त झालं तरी रुग्णाला मोठ्या शहरात महिना-दोन महिने काढावे लागतील. खरा फरक पडेल तो सलाइनमधून थेट शरीरातच मूळ पेशी दुरुस्त करता आल्या तर. जगभर त्यावर काम चालू आहे.

तोपर्यंत सर्वांत स्वस्त आणि हाताशी असलेली गोष्ट म्हणजे रक्ताची तपासणी. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. केंद्राच्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत, जी १ जुलै २०२३ला सुरू झाली, तपासणीवरच भर आहे. तुमच्या भागात शिबिर असेल तर जाऊन या. त्याला क्रिस्पर लागत नाही.

आणि पुढच्या वेळी 'जीन एडिटिंगचा चमत्कार' असं नोटिफिकेशन आलं, की तीन प्रश्न विचारा. पेशी वनस्पतीची आहे की प्राण्याची? बदल शरीराबाहेर केला की आत? आणि तो पुढच्या पिढीत उतरणार आहे का? बातमी किती जवळची आणि किती लांबची, ते या तीन उत्तरांतून बरंचसं कळतं.