आधी पावलं, मग लेन्स

‘पोर्ट्रेटला पंच्याऐंशी, लँडस्केपला वाइड’ हा मंत्र दिल्लीच्या चांदणी चौकातल्या कॅमेरा बाजारात नवख्याच्या कानी हमखास पडतो. वाइड लेन्स नाक फुगवते, लांबची लेन्स चेहरा सुडौल करते आणि मागचा देखावा पुढे ओढते, असं त्यामागचं तर्कट. यातला परिणाम खरा, कारण खोटं.

नाकाचंच पाहा. नाकाचा शेंडा कानाच्या साधारण १२ सेंटिमीटर पुढे असतो. फुल फ्रेमवर २४ मिमीने चेहरा आणि खांदे चौकटीत भरायला सुमारे ४० सेंटिमीटरवर जावं लागतं. तिथून नाक कानाच्या मानाने ३० टक्के मोठं दिसतं. ८५ मिमीला तीच चौकट दीड मीटरवरून मिळते आणि फरक ८ टक्क्यांवर येतो. आता दीड मीटरवरूनच २४ मिमीने फोटो काढून क्रॉप करा. नाक तेवढंच दिसेल! दोष अंतराचा, बदनामी वाइडची.

देखाव्याचंही तेच. कर्तव्य पथावर कुणाला तरी उभं करा, मागे किलोमीटरभरावर इंडिया गेट. चार मीटरवरून ५० मिमीने टिपा, मग सोळा मीटरवर जाऊन २०० मिमीने. माणूस तेवढाच, गेट मात्र जवळजवळ चौपट. त्याच सोळा मीटरवरून वाइडने टिपून क्रॉप केलं तरी हेच दिसेल. याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला रायसीनाच्या चढावरून वास्तुविशारद लट्यन्स आणि बेकर यांचं बिनसलं, कारण विजय चौकाजवळ येताच राष्ट्रपती भवन चढामागे बुडतं. तिथे कोणतीही लेन्स लावा, ते वर येत नाही. जागाच बदलावी लागते.

क्रॉप केल्यावर पिक्सेल कमी उरतात, हा आक्षेप रास्त आहे. लेन्सचं काम नेमकं तेच: ठरलेल्या जागेवरून चौकट भरणं. लांबच्या लेन्सने हिवाळ्यात दिल्लीचं धुरकं दाट दिसतं, ही तक्रारही खरी. पण धुरकं मधल्या हवेत असतं, काचेत नाही.

म्हणून क्रम उलटा करा. चेहरा असो की देखावा, आधी कुठे उभं राहायचं ते ठरवा, मग तिथून चौकट भरेल ती फोकल लेंग्थ निवडा. नवी लेन्स घेण्याआधी हातातल्या झूमवर हा प्रयोग करून पाहा. पैसे कदाचित वाचतील.