धोक्याची घंटा कोणाच्या हाती?

भूकंपाचा इशारा आता प्रत्येकाच्या खिशात आला, अशी द्वाही २०२३ च्या सप्टेंबरात फिरविण्यात आली. गूगल या अमेरिकन मक्तेदार कंपनीने अँड्रॉइड फोनमधील कंपनमापकांवर आधारलेली इशाराव्यवस्था भारतात सुरू केली, आणि भांडवली वृत्तपत्रांनी तिचे असे काही स्वागत केले की, जणू धरणीकंपाचा प्रश्नच निकालात निघाला!

वस्तुस्थिती काय आहे? भूकंपाची प्राथमिक लहर सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते, घरे पाडणारी दुय्यम लहर सुमारे साडेतीन. केंद्राजवळच्या संवेदकाने पहिली लहर टिपून बिनतारी संदेश धाडला, तर दूरच्या वस्तीला काही सेकंद मिळतात. घाऊक उत्पादनामुळे हे संवेदक स्वस्तही झाले आहेत. वाद या विज्ञानाशी नाही. ते कोणाच्या ताब्यात असावे, याविषयी आहे.

तुर्कस्तानात हीच व्यवस्था ६ फेब्रुवारी २०२३ रोजी चालू होती. ७.८ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा केंद्रापासून १५८ किलोमीटरांच्या आतील सुमारे १ कोटी लोकांना निकडीचा इशारा मिळू शकला असता; काहींना ३५ सेकंद आधी. पहिल्या धक्क्याच्या वेळी तसे इशारे गेले अवघे ४६९! यंत्रणेने भूकंपाची तीव्रताच फार कमी मोजली होती. हे कंपनीच्या तोंडून बाहेर पडायला २०२५ साल उजाडावे लागले. तिला जाब विचारण्याचे कोणते साधन तुर्की जनतेपाशी होते? अर्थात इशाऱ्याने सारे वाचले असते, असे म्हणणेही भाबडेपणाचे ठरेल. पन्नास हजारांहून अधिक माणसे मेली ती कोसळलेल्या घरांखाली. आणि बेकायदा बांधकामांना पैसे भरून माफी देण्याची योजना तेथील सरकारने २०१८ मध्येच राबविली होती.

मेक्सिकोत १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपानंतर काही कारखानदारांनी ढिगाऱ्याखालच्या शिवणकामगार स्त्रियांआधी यंत्रे बाहेर काढली. त्या स्त्रियांनी त्याच तारखेच्या नावाने आपली युनियन उभारली. १९९१ पासून त्या देशाने किनाऱ्यालगत स्वतःचे संवेदक बसविले. आज राजधानीच्या रस्त्यांवर भोंगे वाजतात, ते ऐकण्यासाठी फोन विकत घ्यावा लागत नाही. तैवानमध्ये स्वस्त संवेदक शाळांतून बसविले आहेत. आपल्याकडेही रुडकीच्या आयआयटीने गढवाल-कुमाऊँत संवेदकांचे जाळे विणले आणि २०२१ मध्ये उत्तराखंड सरकारबरोबर इशारा देणारे अ‍ॅप आणले. सार्वजनिक क्षेत्राला हे जमत नाही, हा कांगावा येथेच कोसळतो.

तरीही संवेदक चमोलीत आणि सेकंद दिल्लीला, ही विषमता निसर्गनियमातच आहे: केंद्राजवळच्या पहाडी शेतकऱ्याला जवळजवळ काहीच अवधी मिळत नाही. त्याच्यासाठी संवेदकाहून सरकारी खर्चाने मजबूत केलेले घर मोलाचे आहे, आणि नेमका तोच खर्च टाळण्यासाठी फोनमधल्या घंटेचा गाजावाजा चालतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत भूकंपाचे केंद्र वस्तीच्या पायाशीच होते. लातूर-उस्मानाबादच्या गावांत सुमारे १० हजार माणसे गेली, ती दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीने लादलेली माळवदे झोपेत अंगावर येऊन.