प्रवास एकाचा, तयारी अनेकांची

परदेशी जाणारा माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आधी त्याची बॅग उभी राहते. शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची बरणी, थंडीचा कोट, आणि वजन जास्त भरले तर काय काढावे यावर घरभर चाललेला खल! परंतु बॅग भरणे ही तयारीतली शेवटची आणि सर्वांत सोपी पायरी होय. खरी तयारी तिच्या कितीतरी वर्षे आधी सुरू होते आणि ती कधीच एकट्याने होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. परभणी जिल्ह्यातल्या कला शाखेच्या विद्यार्थ्याला 'परदेश आपल्यासाठी नव्हे' असे जे वाटते, त्याचे कारण त्याच्या बुद्धीत नाही. त्याच्यासाठी ही तयारी करणारे कोणी नसते, हे आहे.

थोडे मागे वळून पाहू. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना अठरावे वर्ष नुकतेच पूर्ण झाले होते. त्यांचे धैर्य आपण शालेय पुस्तकापासून ऐकत आलो. पण त्या धैर्यामागची तयारी क्वचितच कोणी सांगतो. टपाल खात्यात नोकरी करणारे गोपाळराव कित्येक वर्षे पत्रे लिहीत होते. त्यांपैकी काही पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापून आला, तो न्यू जर्सीमधील श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आला आणि एका अनोळखी घराचे दार उघडले. निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, आनंदीबाईंनी सेरामपूरच्या कॉलेजात भाषण केले. तू का जातेस, एकटी का जातेस, परत आल्यावर समाजाने वाळीत टाकले तर काय करशील, अशा प्रश्नांना त्यांनी भर सभेत उत्तरे दिली. आज परदेशी विद्यापीठे प्रवेशअर्जासोबत 'आपण का येऊ इच्छिता' असा निबंध मागतात. आनंदीबाईंनी तो निबंध आपल्याच लोकांपुढे उभे राहून सादर केला होता. आपल्यापैकी किती जण हे करू शकतील?

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१२ साली ते बी. ए. झाले आणि १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. म्हणजे तेही कला शाखेचेच पदवीधर. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. तत्पूर्वी महाराजांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकणारे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी होते. बाबासाहेबांची बुद्धिमत्ता असामान्य होती, यात शंका नाही. परंतु बोटीच्या तिकिटापर्यंत ती पोहोचली याला एका गुरुजींचा शब्द आणि एका संस्थानिकाची तिजोरी कारणीभूत झाली.

आता इतिहास सोडून आपल्याच गल्लीत येऊ. परदेशप्रवासाची पद्धतशीर तयारी आपल्या जिल्ह्यात कोण करीत असेल, तर ते हजला जाणारे वृद्ध स्त्री-पुरुष. ज्यांनी परभणी-पूर्णा पलीकडे रेल्वेने फारसा प्रवास केलेला नाही, असे लोक हजारो मैलांवर जाऊन परत येतात. कसे? हज समितीची प्रशिक्षण शिबिरे असतात, आधी जाऊन आलेले हाजी बारीकसारीक सांगतात, मुले-नातवंडे कागद जमवतात. आणि निघण्यापूर्वी जाणारा माणूस देणी फेडतो, घरोघरी जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांची क्षमा मागतो. हिंदू शेजारीही त्याला निरोप द्यायला येतात. पंढरीच्या वाटेवर जशी दिंडी असते, तशीच ही एक अदृश्य दिंडी त्याच्यासोबत असते. विद्यार्थ्याच्या वाट्याला अशी दिंडी का येऊ नये?

याच्या उलट आपले चित्र पाहा. पहिली अडचण कागदाची. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, गुणपत्रिकेवर तिसरे. 'ज्ञानेश्वर' हे नाव रोमन लिपीत कोणी 'डी'ने सुरू करतो, कोणी 'जी'ने, कोणी 'जे'ने. माउलींना त्याचे काही नाही. पण पासपोर्टाचा अर्ज अडतो. आपल्या आईवडिलांच्या पिढीत तर गुरुजींनी शाळेच्या सोयीने १ जून ही जन्मतारीख टाकलेली कितीतरी माणसे सापडतील. पासपोर्टासाठी केवळ जन्माचा दाखलाच हवा, ही सक्ती २०२५ च्या नियमबदलानुसार १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आहे. आपल्याला शाळा सोडल्याचा दाखलाही चालतो. परंतु तो इतर कागदांशी जुळला पाहिजे. नाव बदलायचे तर राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते आणि त्याला वेळ लागतो. प्रवेशाचे पत्र हाती आल्यावर ही धावाधाव सुरू करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

दुसरी अडचण अज्ञानाची, आणि ती अधिक महाग पडते. आपल्या गावांतून आखाती देशांत मजुरीला, वाहन चालवायला जाणारे तरुण आहेत. दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराला अठरा ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची परवानगी लागते. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने दलालाची नोंदणी सक्तीची केली आहे आणि त्याने घ्यावयाच्या शुल्कालाही मर्यादा आहे. नोंदणी आहे की नाही, हे सरकारच्या संकेतस्थळावर पाहता येते. परंतु हे त्या तरुणाला सांगणार कोण? तो शेत गहाण टाकतो आणि पर्यटनाच्या व्हिसावर कामाला जातो. पुढे काय होते, ते सांगायला नको. त्याच्या घरात कॉलेजात शिकणारा एक भाऊ किंवा बहीण असते. ती वाचू शकते, विचारू शकते. आपल्या पदवीचा एवढा तरी उपयोग घराला होऊ नये काय?

तिसरी अडचण संधीची. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. केंद्राचीही राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या १२५ जागांत अनुसूचित जातींबरोबर भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांची मुलेही येतात. मात्र २०२२ च्या नियमावलीने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय या केंद्रीय योजनेतून वगळले. या निर्णयाचा फटका नेमका कोणाला बसला? कला शाखेच्या मुलाला! ज्याच्या आजोबांनी भूमिहीन म्हणून आयुष्य काढले, त्याने भूमिहीनांच्या इतिहासावर परदेशात संशोधन करायचे म्हटले तर दार बंद. मला हे अन्यायाचे वाटते. आणि आपल्या वर्गात या निर्णयाची चर्चादेखील होऊ नये, हे त्याहून वाईट वाटते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की महाविद्यालय म्हणजे काही प्रवासी कंपनी नव्हे. मान्य, परंतु राष्ट्रीय सेवा योजनेतून आपण गावोगाव खड्डे खणतो, मग शेजाऱ्याचा अर्ज वाचून दाखवणे सेवेत का बसू नये? दुसरा आक्षेप गंभीर आहे. शिकलेली मुले परदेशी गेली की परत येत नाहीत, मग त्यांना जायला मदत का करावी? याला उत्तर इतकेच की, ज्याची तयारी सर्वांनी मिळून केली, त्याला परत येण्याचे कारण उरते. बाबासाहेब परतले. पुढे १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, त्यांनी सुरू केलेल्या महाविद्यालयात मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतली पहिली पिढी शिकली. ज्याच्या पाठीशी फक्त सावकाराचे कर्ज असते, त्याला परतीची वाट कर्ज फिटेपर्यंत दिसतच नाही.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. प्रथम वर्षाच्या पहिल्या महिन्यातच प्रत्येकाचे दाखले एकमेकांशी ताडून पाहावेत. ग्रंथालयाच्या फलकावर शिष्यवृत्त्यांच्या तारखा मराठीत लागाव्यात. वर्षातून एकदा, बाहेर जाऊन आलेल्या माणसाला बोलवावे. तो प्राध्यापक असो, नर्स असो, हाजी असो वा दुबईहून परतलेला वाहनचालक. आणि वादविवाद मंडळाने एकदा तरी 'मी का जाऊ इच्छितो' हा विषय ठेवावा.

यांतल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. उद्या आपल्यातला एखादा निघेल. त्याच्या बॅगेत काय भरायचे ते त्याची आई पाहील. बाकीचे आपण आजपासून पाहिले पाहिजे.