ब्रेकचे अर्थशास्त्र

शिरपूर जैन येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनास येणारा यात्रेकरू आगगाडीने आला, तर वाशीम किंवा अकोल्यास उतरतो. २००८ मध्ये अकोला-पूर्णा मार्ग रुंद झाला तेव्हापासून येथे चर्चा होते ती नव्या गाड्यांची आणि थांब्यांची. डब्याखालच्या ब्रेकविषयी कोणी विचारीत नाही. आणि विचारावे तरी का? तिकिटावर त्याची किंमत छापलेली नसते.

पूर्वीच्या निर्वात ब्रेकला बळ मिळे ते वातावरणाच्या दाबाचे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅमहूनही कमी. आजच्या हवाब्रेकच्या नळीत हाच दाब पाच किलोग्रॅम असतो. मात्र नळी तुटली वा डबे सुटले की दोन्ही प्रकारांत ब्रेक आपोआप लागतात. कसारा घाटात सदतीस फुटांस एक फूट उतार आहे. तेथे या गुणाचे मोल कळते.

आयर्लंडमधील आर्मा येथे १२ जून १८८९ रोजी सहलीच्या गाडीचे मागील डबे चढावर सोडविण्यात आले. त्यांचे ब्रेक आपोआप लागणारे नव्हते. डबे उलट घरंगळले व ८० माणसे मेली, त्यांत कितीतरी मुले. वेस्टिंगहाऊसने स्वयंचलित ब्रेक १८७२ मध्येच सिद्ध केला होता. पण खर्च कंपनीचा आणि जीव उतारूचा! ब्रिटिश संसदेने त्याच वर्षी कायद्याने सक्ती केली. बाजाराने ती कधीच केली नसती.

ब्रेकचे ठोकळे झिजतात, नळ्या गळतात. वाशीमसाठी नवी गाडी मागणाऱ्या निवेदनांत, डब्यांच्या तपासणीस पुरेसा वेळ व पुरेसे कामगार द्यावेत, हेही एक कलम घालावे.